ट्रेकच्या ॲपमध्ये खुणा कशा ठेवाव्यात, आणि उतरताना त्या कामाला कशा याव्यात

पायथ्याच्या खिरेश्वर गावाकडून हरिश्चंद्रगड केलेल्यांना पठारावरचा तो तुकडा आठवत असेल. तोलार खिंडीपर्यंत वाट मळलेली आहे. खिंडीनंतरच्या कातळटप्प्यावर रेलिंग आहेत, तिथेही चुकायला फारसं काही नाही. चुकायला सुरुवात होते ती वर पोचल्यावर. एकामागून एक टेकड्या लागतात आणि प्रत्येकीवर गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा आहेत. खऱ्या वाटेपेक्षा त्याच जास्त ठळक दिसतात. त्यात धुकं उतरलं की दहा पावलांवरचा गडीही दिसेनासा होतो.

फोनमध्ये नकाशा घेऊन मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा अकरा खुणा, म्हणजे नकाशावर टाचलेल्या जागा, साठवल्या होत्या. देवळाचा कळस, केदारेश्वराची गुहा, कोकणकड्याची कड, चहाचं खोपट, जे जे डोळ्यांत भरलं ते सगळं. परतताना दुपारी चारच्या सुमारास धुकं आलं. एका फाट्यावर आम्ही तिघं उभे राहिलो आणि मी फोन काढला. त्या फाट्यावर खूणच नव्हती. दोनशे मीटरवर 'पॉइंट ७' नावाचं काहीतरी दिसत होतं, पण ते मी कशासाठी ठेवलं होतं हे मलाच आठवेना. पाऊण तास गेला, बाकी काही बिघडलं नाही.

तेव्हापासून एक नियम पाळतो: जिथे पाय अडतो तिथे खूण ठेवायची. देऊळ आणि कडा नकाशात आधीच असतात.

घरून निघण्याआधी

गडाच्या पायथ्याला रेंज जाते, म्हणून नकाशा आधी फोनमध्ये उतरवून घ्या. खाली ऑस्मअँड आणि ऑर्गॅनिक मॅप्स या दोन ॲपच्या आधाराने सांगतो. दोन्ही रेंजशिवाय चालतात आणि दोन्हींचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा आहे, म्हणजे स्वयंसेवकांनी रेखलेला. त्यामुळे एखादा किल्ला झाडाझुडपांसकट नोंदलेला असतो आणि शेजारच्या डोंगरावर एक पायवाटसुद्धा नसते. तुमचं ॲप दुसरं असेल तर बटणं वेगळ्या जागी सापडतील, रीत मात्र हीच.

उतरवून झाल्यावर फोन विमान मोडवर टाका आणि गडाचा भाग मोठा करून पाहा. वाटा दिसल्या तर नकाशा आला. विमान मोडमध्येही जीपीएस चालतं, कारण फोन उपग्रहांकडून फक्त ऐकत असतो, त्यांना काही पाठवत नाही. मोबाइल डेटा बंद असला की पहिल्यांदा जागा सापडायला थोडा जास्त वेळ लागतो, एवढंच. म्हणून गाडीतून उतरल्यावर, बूट बांधता बांधताच ॲप उघडून ठेवावं.

खूण ठेवणं

१. थांबा. चालता चालता ठेवलेली खूण मागे किंवा पुढे पडते.

२. 'माझी जागा' दाखवणारं बटण दाबा. तुमच्या बाणाभोवती फिकट वर्तुळ दिसेल. ते जेवढं लहान, तेवढा फोनला आपल्या जागेचा भरवसा जास्त. उघड्या माळावर पाचेक मीटरचा फरक धरून चाला. नाळेत (दोन कड्यांमधल्या अरुंद घळीत) किंवा कड्याच्या बुंध्याशी उपग्रहांचे संदेश कातळावर आपटून येतात आणि बाण पलीकडच्या धारेवर उडी मारतो. अशा जागी अर्धा-एक मिनिट द्या, वर्तुळ आवळू द्या.

३. बाणाच्या मधोमध बोट दाबून धरा. ऑस्मअँडमध्ये खालून पट्टी वर येते, तिच्यात 'ॲड' दाबायचं. ऑर्गॅनिक मॅप्समध्ये 'सेव्ह'. जाड बोटांच्या माणसांनी आधी नकाशा मोठा करून घ्यावा, नाहीतर खूण दरीत पडते.

४. नाव, गट आणि रंग तिथेच भरा. 'घरी गेल्यावर भरू' म्हणणाऱ्यांचे पॉइंट १ ते ११ कसे होतात ते वर सांगितलंच.

खूण कुठे कुठे ठेवायची? वाटेला फाटा फुटतो तिथे. रानातून उघड्यावर बाहेर पडलात की लगेच मागे वळून पाहा. परत येताना कारवीच्या भिंतीत शिरायची ती फट सापडणार आहे का? शंका आली तर खूण ठेवा. ओढा ओलांडायची जागा, कातळटप्प्याचं वरचं टोक (खालचं आपोआप सापडतं), पाण्याचं टाकं, आग्या मोहोळ असलेला कडा यांनाही ठेवा. सरळ मळलेल्या वाटेवर दोन किलोमीटर एकही खूण नसली तरी चालतं.

नाव देताना

इथे बहुतेकांचं चुकतं, आणि चूक उतरेपर्यंत कळत नाही. चढताना फाट्यावर आपण लिहितो, 'उजवीकडची वाट'. उतरताना तोंड फिरलेलं असतं, उजवी-डावी उलटलेली असते. पाय थकलेत, उजेड कमी झालाय, आणि स्क्रीनवर 'उजवी' वाचून माणूस सरळ उजवीकडे वळतो.

म्हणून नावात उजवी-डावी लिहूच नका. वाट कुठे जाते ते लिहा, किंवा हलणार नाही अशी वस्तू लिहा. 'फाटा: खिंडीची वाट मोठ्या दगडाला लागून', 'फाटा: ओढ्यात उतरणारी नको', 'कारवीत शिरायची जागा, वर एकटं झाड'. दगडांची लगोर किंवा रंगवलेला बाण यांच्यावर नाव बेतू नका. लगोर पुढच्या पावसात ढासळते, आणि बाण कुणी कुठल्या वाटेसाठी काढला ते त्यालाच ठाऊक.

नावाच्या आधी क्रमांक टाका: ०१, ०२, ०३. यादी नावाने लावली की वाटेच्या क्रमानेच दिसते. शून्य विसरलात तर बऱ्याच ॲपमध्ये १ च्या पाठोपाठ १० येतो.

टाक्याच्या नावात महिना हवाच. 'टाकं' एवढ्यावरून काही कळत नाही. 'टाकं, पिण्याचं, जानेवारीत अर्धं' यावरून कळतं. पावसानंतर काठोकाठ भरलेलं टाकं एप्रिलमध्ये तळाच्या शेवाळावर येतं, आणि त्याच्या भरवशावर कुणीतरी एकच बाटली घेऊन निघालेला असतो.

नाव मराठीत की इंग्रजी अक्षरांत? फोनवर मराठी छान दिसतं. खुणा हातातल्या जीपीएस घड्याळात चढवणार असाल तर आधी एक चढवून पाहा, काही घड्याळांवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन उमटतात.

कुणी अक्षांश-रेखांश पाठवले तर

ग्रुपवर येणारे आकडे दोन प्रकारचे असतात: दशांशातले, नाहीतर अंश-मिनिट-सेकंदातले. १९ अंश २३ मिनिटं ३० सेकंद म्हणजे १९.२३३० नव्हे. मिनिटांना ६० ने, सेकंदांना ३६०० ने भागून मिळवायचं, येतात १९.३९१६७. या एका गफलतीत खूण साधारण साडेसतरा किलोमीटर दक्षिणेला सरकते. दशांशानंतर पाच आकडे असले तर जागा मीटरभरात बसते. तीनच असतील तर पन्नास-शंभर मीटर इकडेतिकडे, आणि सह्याद्रीत तेवढ्यात कड्याचा वरचा भाग सोडून आपण खालच्या रानात असू शकतो.

क्रमही तपासा: आधी अक्षांश, मग रेखांश. हरिश्चंद्रगडाच्या आसपास साधारण १९ आणि ७३ असे आकडे येतात. उलटे टाकले तर खूण नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडते. ही चूक निदान लगेच दिसते तरी.

गट आणि रंग

प्रत्येक ट्रेकचा वेगळा गट करा. 'हरिश्चंद्रगड, खिरेश्वर वाट' असा. त्याच गडावर पाचनई गावाकडून येणारी वाट वेगळ्या गटात. दोन्हींच्या खुणा एकत्र झाल्या की देवळाजवळ नुसती गर्दी होते. गट वेगळे असले की आज नको असलेला झाकून ठेवता येतो. रंग तीनच पुरेत: पाण्याला निळा, फाट्याला आणि धोक्याला लाल, मुक्कामाला हिरवा. सात रंग ठरवणाऱ्याला तिसऱ्या ट्रेकला जांभळा कशाचा ते आठवत नाही.

वाटेवर

खुणेवर टिचकी मारली की ॲप अंतर दाखवतं. ते पक्ष्याने उडत जावं तसं, सरळ रेषेतलं असतं. कोकणकड्यावर उभं राहून खाली कोकणातल्या बेलपाड्याची खूण पाहिलीत तर अंतर किरकोळ वाटेल. तिथे उतरायचं तर नळीची वाट आहे, आणि ती सरावलेल्यांनीच, माहीतगार सोबत घेऊन करायची. दोन खुणांमध्ये दरी आहे, कडा आहे की सोंड आहे, हे नकाशावर पाहिल्याशिवाय रेषेमागे जाऊ नका. खुणांच्या जोडीला ट्रॅकही, म्हणजे चाललेल्या वाटेची ॲपने आखलेली रेघ, नोंदवत राहा. कसे आलो ते ट्रॅक सांगतो, इथे काय करायचं ते खूण सांगते.

फोन मात्र सारखा उघडा ठेवू नका. फाट्यावर बघा, खिशात टाका. आणि वाटेत गुराखी भेटला तर आधी त्याला विचारा.

दुसरीकडे जपून ठेवणं

ॲप काढून टाकलं, फोन ओढ्यात पडला, की खुणा गेल्या. ऑस्मअँडमध्ये 'माय प्लेसेस'मध्ये 'फेव्हरिट्स' उघडा, गट निवडून बाहेर काढा. ऑर्गॅनिक मॅप्समध्ये यादीच्या तीन ठिपक्यांत तीच सोय आहे. फाइल जीपीएक्स प्रकारची घ्या, ती जवळपास प्रत्येक ट्रेकिंग ॲप उघडतं. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एक प्रत सोबत्याच्या फोनमध्ये, एक घरच्यांकडे, परतायच्या वेळेसकट. ११२ ला फोन करायची पाळी आली तर 'देवळापासून पुढे कुठेतरी' यापेक्षा अक्षांश-रेखांश वाचून दाखवलेले बरे, म्हणून ते कुठे दिसतात ते आधीच शोधून ठेवा.

फाइल सगळ्यांसाठी उघडी करण्याआधी एकदा चाळा. गिधाडांच्या घरट्याची जागा, ज्यांच्या ओसरीत झोपलात त्यांचं घर, असलं काही त्यात राहू नये.

परत आल्यावर

दोन दिवसांत, आठवण ताजी असताना, गट उघडा. जोडीने पडलेल्या खुणांपैकी एक पुसा, नावं दुरुस्त करा, जिथे चाचपडलात आणि खूण नव्हती तिथे ट्रॅक बघून नवी घाला. माझ्या खिरेश्वरच्या गटात आता नऊ खुणा आहेत, त्यांतल्या पाच त्या पठारावरच्याच. कळस, गुहा, कडा, सगळ्या पुसल्या. चहाच्या खोपटाची मात्र ठेवली आहे, हिरव्या रंगात.