बाईकला हार्ड पॅनियर घ्यायचेत? आधी पुठ्ठ्याचे खोके बांधून बघा

आमच्या नाशिकच्या सिडकोत घरासमोर बाईक लावायची म्हणजे कसरतच, एका बाजूला शेजाऱ्यांची स्कूटर, दुसऱ्या बाजूला तुळशीची कुंडी आणि मधून आपण. तरी मी पहिल्यांदा पॅनियर, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लावायचे सामानाचे डबे, घेतले तेव्हा फक्त लिटर बघितले. एका बाजूला 45 लिटर, दोन्हीचे मिळून 90, म्हटलं लडाखला काय अख्खं घर नेता येईल. डबे लागले, गाडी भारी दिसायला लागली, आणि संध्याकाळी घरी आलो तर गेटमधून गाडी आत जाईना. मग काय, रोज डबे काढा, गाडी आत घ्या, डबे उचलून जिन्याने वर न्या. म्हणून पहिलं सांगणं हेच की लिटर नंतर, आधी रुंदी मोजा.

पहिलं काम, खर्च शून्य

किराणा दुकानातून दोन मजबूत खोके आणा. जो डबा डोक्यात आहे त्याच्या मापाचे कापा, साधारण 45 सेंटीमीटर लांब, 38 उंच, 22 रुंद धरा, म्हणजे साडेसदतीस लिटरच्या आसपास झालं. डबा ज्या सांगाड्यावर बसतो त्या रॅकमुळे तो गाडीपासून थोडा लांब राहतो तेवढी जागा सोडून दोरीने बांधा आणि मग टेपने मागची एकूण रुंदी मोजा. टूरिंग गाड्यांचं हँडल साधारण 80-85 सेंटीमीटर असतं आणि आपली सवय अशी की हँडल गेलं म्हणजे गाडी गेली, पण मागची रुंदी मीटरभर झाली तर हँडल निघतं आणि डबा रिक्षाला लागतो. खोके बांधूनच रविवार कारंजा, मेनरोड एक चक्कर मारा, लोक हसतील, हसू द्या. घराचं गेट, सोसायटीचं पार्किंग, ऑफिसचा स्टँड सगळं तपासून घ्या.

याच वेळी मागे कुणालातरी बसवा, जी व्यक्ती खरंच प्रवासाला येणार आहे तीच. तिची पोटरी, टाच डब्याला लागते का बघा. आणि तुम्ही स्वतः गाडीवर बसून पायाने गाडी मागे ढकलून बघा, डबा जास्त पुढे असेल तर नडगीवर आपटतो, आणि हे दुकानात उभं राहून कळत नाही.

सायलेन्सरची बाजू

बऱ्याच गाड्यांचा सायलेन्सर एका बाजूने वर येतो, त्यामुळे त्या बाजूचा डबा एकतर बाहेर सरकतो किंवा त्याला खाच द्यावी लागते. म्हणून काही सेटमध्ये त्या बाजूचा डबा मुद्दाम छोटा असतो, ती फसवणूक नाही, उलट त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या बाहेर राहतात. डबा आणि सायलेन्सरमध्ये हाताची बोटं सहज जातील एवढी फट पाहिजेच, प्लास्टिकचा डबा असेल तर जास्त.

अॅल्युमिनियम, प्लास्टिक की लोखंड

इथे जरा हिशोब करू कारण नाशिकमध्ये हमखास कुणीतरी म्हणतं, "बाहेरचे कशाला घेतो, सातपूरला नाहीतर अंबडला बनवून घे की!" आणि त्यात चूक काही नाही, एमआयडीसीत लेझर कटिंग, बेंडिंग, पावडर कोटिंग सगळं मिळतं. पण बनवणारा सवयीने लोखंडी पत्रा धरतो. वरच्या मापाच्या डब्याला साधारण 0.7 चौरस मीटर पत्रा लागतो. दीड एमएम अॅल्युमिनियममध्ये त्याचं वजन तीन किलोच्या आत, तेच लोखंडात आठ किलोच्या वर. रॅक, कडी, कुलूप वेगळंच. म्हणजे एक चड्डी-बनियन न भरता नुसत्या पत्र्यात दोन्ही बाजूंना मिळून दहा-अकरा किलो जास्त ओढायचं. कसारा घाटात वर चढताना ते जाणवतंच.

अॅल्युमिनियम घेताना किंवा बनवताना ग्रेड विचारा. 5052 वाकवायला चांगलं, 6061 मजबूत असलं तरी कडक असताना टोकदार बेंड मारला की चिरतं. गाडी पडली तर अॅल्युमिनियमला पोचा येतो, हातोडीने ठोकून परत बऱ्यापैकी सरळ होतो, रिव्हेटचा डबा असेल तर गावाकडचा माणूसही दुरुस्त करून देतो. एक कटकट मात्र आहे, कपडे आतून पत्र्याला घासून काळे होतात, म्हणून आत एक साधी बॅग ठेवायचीच, हॉटेलवर नुसती बॅग उचलून नेता येते हा वर फायदा.

चांगलं प्लास्टिक हलकं, गुळगुळीत, पावसात निश्चिंत. रोज ऑफिस आणि महिन्यातून एकदा सापुतारा-भंडारदरा असं असेल तर मी प्लास्टिकच घेईन. जोरात आपटलं आणि कडी किंवा बिजागरी तुटली तर मात्र रस्त्यात इलाज नाही.

आणि जास्त करून कच्च्या वाटेने, वाळूचिखलातून जाणार असाल तर हार्ड डबे घेऊच नका. गाडी घसरते, आपण सवयीने पाय खाली टाकतो, आणि पाय डब्याखाली सापडला तर घोटा जातो. तिथे सॉफ्ट बॅगच बरी.

रॅक म्हणजे अर्धा पॅनियर

सगळे डबा बघतात, रॅक कुणी बघत नाही. दोन्ही बाजूंच्या रॅकना मागून जोडणारा आडवा पाईप आहे का बघा, तो नसेल तर खड्ड्यात रॅक आत झुकतात. गाडीला असलेल्या बोल्टच्या जागेवरच रॅक बसला पाहिजे, सबफ्रेमला, म्हणजे सीटखालच्या सांगाड्याला, वेल्डिंग मारून देतो म्हणणाऱ्याला हात जोडा आणि निघा. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) वापरा, बोल्टला मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, लावा, सिंगल सिलेंडरच्या थरथरीत साधे नट सैल होतात. इंडिकेटर आणि नंबर प्लेट झाकली जात नाही ना हेही मागून उभं राहून बघा.

कुलूप बघताना दोन्ही डब्यांना एकच किल्ली मिळते का विचारा. वरून उघडणारे डबे मला जास्त आवडतात, बाजूने उघडणाऱ्यात झाकण उघडलं की मोजे आधी रस्त्यावर.

पाणी जातं का

झाकणाच्या आत सगळीकडून सलग रबर पाहिजे, कोपऱ्यात जोड असेल तर तिथूनच पाणी शिरतं. आत कोरडे वर्तमानपत्र ठेवा, नळीने दहा मिनिटं सगळीकडून पाणी मारा, कागद ओला झाला की नाही लगेच कळतं. नाहीतर जुलैत इगतपुरीपर्यंत जाऊन या, तिथला पाऊस फुकटात टेस्ट करून देतो.

भरायचं कसं

आपले दूधवाले बघा, बाईकच्या दोन्ही बाजूंना किटल्या, खाली आणि सारख्या वजनाच्या. आपलंही तेच तत्त्व. हत्यारं, सुटे भाग, जड सगळं तळाला आणि शक्य तितकं पुढे, कपडे वर. घरच्या वजनकाट्यावर दोन्ही डबे मोजा, किलोभराचा फरक चालतो. डब्यावर किंवा त्याच्या कागदावर वजनाची मर्यादा दिलेली असते, बऱ्याच डब्यांना ती एका बाजूला 10 किलोच असते, जागा आहे म्हणून भरत सुटायचं नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये एकूण भार दिलेला असतो, त्यात तुम्ही, मागचा माणूस, रॅक, डबे आणि सामान सगळं धरायचं. सीटच्या मागे वर लावतात त्या टॉप बॉक्समध्ये जड ठेवलं की वेगात हँडल हलायला लागतं, तिथे रेनकोट आणि चिवडा एवढंच.

मग मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवा, टायरमध्ये मॅन्युअलमध्ये भरलेल्या गाडीसाठी दिलेली हवा भरा. प्रीलोड न वाढवता गाडी साइड स्टँडला लावली तर मागून दबल्यामुळे ती जास्त उभी राहते आणि जरा धक्का लागला की उलट्या बाजूला जाते, माझी एकदा ढाब्यासमोर गेली, चहा हातातच राहिला.

लांब निघायच्या आधी भरलेली गाडी घेऊन एकदा वणीला जाऊन या, नांदुरीपासून सप्तशृंगी गडावर चढणारा घाट यासाठी मस्त आहे. वळणावर गाडी कशी झुकते, उतारावर ब्रेक किती आधी लावावा लागतो, ट्रक शेजारून गेला की वाऱ्याने किती ढकलते, सगळं एका सकाळीत समजतं. खाली आलात की चहा सांगा आणि तो येईपर्यंत पाना घेऊन रॅकचा एकेक बोल्ट तपासा, पहिल्या शंभर किलोमीटरनंतर एखादा तरी सैल सापडतोच.