शिक्षकाचा पगार तलाठ्यापेक्षा जास्त? आधी पहिली तीन वर्षे मोजा

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी एस-10, म्हणजे मूळ वेतन 29,200 ते 92,300. तलाठ्याची, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याची, एस-8: 25,500 ते 81,100. कागदावर शिक्षक पुढे. डी.एड. करणारी बरीच मुले एवढ्यावरच हिशेब मिटवतात आणि तिथेच फसतात.

शिक्षकाला ही श्रेणी पहिल्या दिवसापासून मिळत नाही. आधी तीन वर्षे शिक्षण सेवक. 1 जानेवारी 2023 पासून मानधन प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000, उच्च माध्यमिकला 20,000. त्यावर महागाई भत्ता नाही, वार्षिक वाढ नाही. तलाठी मात्र रुजू झाला की पूर्ण श्रेणीवर.

आकडे मांडून बघा. महागाई भत्ता सोयीसाठी 50 टक्के धरू आणि घरभाडे सोडून देऊ. तलाठ्याचे 25,500 अधिक 12,750, एकूण 38,250. शिक्षण सेवकाचे 16,000. महिन्याला 22,250 चा फरक, 36 महिन्यांत 8 लाख 1 हजार. तीन वर्षांनी शिक्षक 29,200 वर येतो, तोवर तलाठी तीन वेतनवाढी घेऊन 27,900 वर पोहोचलेला असतो. आता शिक्षक पुढे, पण मूळ वेतनात फक्त 1,300 ने. भत्ता धरून 1,950. दर वर्षीची 3 टक्के वाढ धरली तरी मागे पडलेले आठ लाख भरून यायला वीस वर्षांहून जास्त लागतात. ग्रामसेवकाशी तुलना केली तर चित्र वेगळे, कारण त्यालाही आधी तीन वर्षे मानधनावरच काढावी लागतात.

बी.एड.वाल्यांनी तुलना दुसऱ्या पदांशी करावी. माध्यमिक शिक्षकाची श्रेणी एस-14, 38,600 पासून. कनिष्ठ अभियंत्याचीही नेमकी तीच. तो दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून तिथे पोहोचतो. शिक्षकाला बारावी, पदवी, दोन वर्षे बी.एड. आणि वर शिक्षण सेवकाची तीन वर्षे. शासकीय रुग्णालयातली अधिपरिचारिका एस-13 वर, 35,400 पासून. रात्रपाळ्या तिच्या वाट्याला येतात, हे मात्र विसरू नये.

पुढच्या पायऱ्याही सारख्या नाहीत. इतर कर्मचाऱ्यांना आश्वासित प्रगती योजनेत, म्हणजे पदोन्नती मिळाली नाही तरी, 10, 20 आणि 30 वर्षांनी वरच्या वेतनश्रेणीचा लाभ मिळतो. शिक्षकाला 12 वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, 24 वर्षांनी निवड श्रेणी. दोन्हींसाठी प्रशिक्षण पूर्ण हवे, आणि निवड श्रेणी सगळ्यांना नाही, 20 टक्के पदांनाच. प्रशिक्षणाची यादी लागली की नाव आहे का ते लगेच बघा, राहिले तर लाभ अडकतो. उन्हाळी-दिवाळी सुट्टीचे कौतुक सगळे करतात, पण त्या सुट्टीपायीच अर्जित रजा इतरांसारखी साठत नाही. निवृत्तीला 300 दिवसांच्या रजेचे पैसे घेणारा शेजारी कर्मचारी बघून ते कळते. पेन्शनचा मुद्दा तुलनेत फारसा कामाचा नाही. 1 नोव्हेंबर 2005 ची रेषा, म्हणजे त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, या सगळ्याच खात्यांना लागू आहे.

खासगी संस्थेची शाळा असेल तर सगळ्यात आधी अनुदान विचारा. श्रेणी तीच लिहिलेली असते, पण शाळा 40 टक्के अनुदानावर असेल तर शासनाकडून पगाराचे 40 टक्केच येतात. उरलेले संस्था देईल या भरवशावर कर्ज काढू नये. पूर्ण अनुदानित पदावरही क्रम ठरलेला: नेमणूक आदेश, मग शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता, मग शालार्थ आयडी, म्हणजे शासनाच्या ऑनलाइन पगार प्रणालीतला क्रमांक. तो मिळेपर्यंत पगार बिलात नावच चढत नाही, आणि त्यात महिने जातात. मान्यतेच्या प्रस्तावात बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची नोंद), संचमान्यता (शाळेला मंजूर पदांचा आदेश) आणि जाहिरातीची प्रत जोडलेली आहे का ते मुख्याध्यापकांसमोर बसून तपासा. प्रस्ताव बहुतेक वेळा त्रुटीसाठी याच कागदांवरून परत येतो. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.