पेटीतल्या निनावी चिठ्ठ्यांना उत्तर देताना

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ग्रंथालयाबाहेर प्रश्नपेटी आहे. नाव न लिहिता काहीही विचारा, उत्तर शेजारच्या फलकावर लागतं. यंदा हे काम नव्याने अंगावर घेणाऱ्या शिक्षकांसाठी आणि सीनियर मुलांसाठी हे लिहितोय.

निनावी चिठ्ठीची मुख्य अडचण ही की उलट प्रश्न करता येत नाही. समोर बसलेल्या पोराला आपण विचारतो, कुठल्या वर्षाला आहेस, घरी कोण कोण असतं. चिठ्ठीला काय विचारणार? म्हणून उत्तरात सगळ्या शक्यता धराव्या लागतात.

'दोन केटी लागल्यात. घरी माहीत नाही. इयर डाऊन होईल का?' अशी चिठ्ठी निकालानंतर हमखास येते. (केटी म्हणजे नापास झालेला, पुन्हा द्यावा लागणारा विषय; इयर डाऊन म्हणजे पुढच्या वर्षात जाता न येणं.) धीर द्यायची घाई नको. आधी परीक्षा विभागात जाऊन चालू पॅटर्नचा, म्हणजे आत्ताच्या अभ्यासक्रमाचा, नियम विचारून या, कारण सीनियरांच्या तोंडी असतो तो बहुतेक वेळा जुन्या पॅटर्नचा. मग लिहा: पहिल्या वर्षाला असाल तर असं, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आला असाल तर असं. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी कशी मागवायची, रीचेकिंगचा फॉर्म कधीपर्यंत भरायचा, हेही द्या. घरी कसं सांगायचं ते यानंतर. तिथे 'आईवडील समजून घेतील' असं ठोकून देऊ नका, तुम्ही त्यांना ओळखत नाही. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत स्वतः सांगा, आणि सांगताना पुढच्या परीक्षेची तारीख हाताशी ठेवा, एवढं पुरे.

मूळ चिठ्ठी फलकावर कधीही लावू नका, अक्षर ओळखू येतं. टाइप करून लावा आणि गाव, ब्रँच, रूम नंबर गाळा. मराठीत तर क्रियापदच चुगली करतं. 'फार कंटाळलेय' असेल तिथे 'फार कंटाळा आलाय' करा, नाहीतर चारच मुली असलेल्या वर्गात लगेच कुजबुज सुरू होते.

रॅगिंगची चिठ्ठी फलकावर नाहीच. ती त्याच दिवशी अँटी-रॅगिंग समितीकडे द्या. यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ मात्र फलकावर कायम असू द्या.

'जगावंसं वाटत नाही' असं आलं तर एकट्याने काही ठरवू नका. चिठ्ठी लगेच समुपदेशकाच्या हातात द्या. अक्षरावरून शोध घ्यायचा का, हे ते ठरवतील. एरवी जर्नलं काढून अक्षर जुळवत बसायचं नाही. अशी वेळ येण्याआधीच पेटीवर ठळक लिहून ठेवा: ही पेटी रोज उघडत नाही, आत्ता कुणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. नंबर चिठ्ठी टाकण्याच्या फटीशेजारीच हवा, खाली कोपऱ्यात नको.

बाकी कॉट बेसिसवरची (भाड्याच्या खोलीत खाटेपुरती जागा घेऊन राहणाऱ्यांची) भांडणं, टर्मवर्कची (सत्रभराच्या सबमिशनची) रडगाणी, डिफॉल्टर लिस्ट (हजेरी कमी भरलेल्यांची यादी) हे चालूच असतं. 'मेसच्या वरणात डाळ शोधायला कुठली ब्रँच घ्यावी?' यालाही उत्तर द्या, आणि चांगलं द्या. फलकापाशी गर्दी होते ती अशाच उत्तरांमुळे. त्या गर्दीत उभं राहून आपलं उत्तर वाचलं तर कुणाच्या लक्षात येत नाही.