क्रूझवरचे ड्रिंक्स पॅकेज घ्यावे का? आधी खोलीचा हिशेब मांडा

सिंगापूर-मलेशियाच्या सहलीला जोडलेली तीन-चार रात्रींची क्रूझ असो किंवा महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठून केलेली गोवा-लक्षद्वीपची सफर असो, तिकिटाचे पैसे भरून झाले की कोल्हापूरच्या घरात एक प्रश्न हमखास निघतो : ड्रिंक्स पॅकेज, म्हणजे रोजचा ठरावीक दर भरून दर वेळी सुटे पैसे न देता पेये घेण्याची सोय, घ्यायची की नाही? बहुतेक जण याचे उत्तर ‘मी किती पितो’ एवढ्यावरून काढतात आणि हिशेब तिथेच चुकतो. अनेक मोठ्या क्रूझ कंपन्यांत पॅकेजची अट जहाजावरच्या खोलीला लागू असते. त्यामुळे हिशेबही खोलीचा मांडावा लागतो. तो कागदावर नीट मांडला, तर आपल्याकडच्या बऱ्याच कुटुंबांना हे पॅकेज परवडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात तिकिटात काय आलेले आहे, हे तपासण्यापासून करावी. बहुतेक जहाजांवर जेवणाच्या ठिकाणी मिळणारे साधे पाणी, साधा चहा, साधी कॉफी, लिंबू सरबत आणि न्याहारीच्या वेळचा फळांचा रस यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. जहाजावरचे पाणी पिता येईल की नाही, ही शंका ज्येष्ठ मंडळी नेहमी काढतात आणि त्यापोटी बाटलीबंद पाणी विकत घेत राहतात. प्रत्यक्षात मोठ्या जहाजांवर समुद्राच्या पाण्याचे ऊर्ध्वपातन करून किंवा रिव्हर्स ऑस्मोसिसने गोडे पाणी तयार करतात, काही पाणी बंदरातून भरून घेतात, आणि ते शुद्ध करूनच पिण्यासाठी पुरवले जाते. घरून रिकामी बाटली नेऊन ती भरून घेतली की हा खर्च संपतो. विकत घ्याव्या लागतात त्या गोष्टी म्हणजे बाटलीबंद पाणी, कोल्ड्रिंक, लाटे-कापुचिनोसारखी खास कॉफी, ताज्या फळांचा रस, मॉकटेल (बिनमद्याचे कॉकटेल) आणि अर्थातच मद्य. कंपनीगणिक यात फरक पडतो. डिस्नेच्या जहाजांवर, उदाहरणार्थ, जेवणाच्या वेळी आणि डेकवरच्या यंत्रातून मिळणारे कोल्ड्रिंक तिकिटातच येते. चहाबाबत एक सूचना आवर्जून करतो. जहाजावर गरम पाणी, टी-बॅग आणि दूध मिळते, पण उकळलेल्या चहाची ज्यांना सवय आहे त्यांचे त्यावर भागत नाही. अशांनी दुधाच्या चहाच्या प्रिमिक्सची सीलबंद पाकिटे सोबत ठेवावीत.

आता मुख्य अटीकडे वळू. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीत एका खोलीतील एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले, तर त्याच खोलीतील मद्यपानाचे वय पूर्ण झालेल्या इतर सर्वांनाही ते घ्यावे लागते. कार्निव्हल या दुसऱ्या कंपनीतही असाच नियम आहे. अमेरिकेतून सुटणाऱ्या सफरींवर हे वय 21 आहे, तर रॉयल कॅरिबियनच्या आशियातून सुटणाऱ्या सफरींवर ते 18 आहे. म्हणजे सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजावर कॉलेजात जाणारा एकोणीस वर्षांचा मुलगा आई-वडिलांच्या खोलीत असेल, तर तोही या हिशेबात प्रौढ धरला जातो. वडिलांना संध्याकाळी थोडे घ्यायचे आहे, आई दारूला शिवत नाही आणि मुलालाही त्यात रस नाही, अशा खोलीत एकाच्या आवडीसाठी तिघांचे पैसे भरावे लागतील. एकाचे पॅकेज दोघांत वापरण्याची मुभा नसते, कारण प्रत्येक पेयाला जहाजाने दिलेले ज्याचे-त्याचे कार्ड स्कॅन होते.

आकडे घेऊन पाहू. हे कोणत्याही कंपनीचे दरपत्रक नाही. पद्धत कळावी म्हणून धरलेले भाव आहेत, आणि खरे भाव सफरीगणिक बदलतात. पॅकेज दररोज 70 डॉलर आहे आणि त्यावर 18 टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे बिलातच लावलेली बक्षिशी, लागते, असे समजू. म्हणजे माणशी 82.60 डॉलर. सुटे घेतल्यास कॉकटेल 14 डॉलरला, बिअर साडेआठ डॉलरला आणि मॉकटेल आठ डॉलरला मिळते असे धरू, आणि त्यांवरही तीच 18 टक्के ग्रॅच्युइटी चढते. राजारामपुरीतील एखाद्या दांपत्याची सुट्टीतली नेहमीची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा : त्यांच्या दोन बिअर, जेवणाआधी एक कॉकटेल आणि वहिनींचे एक मॉकटेल. बेरीज झाली 39 डॉलर, ग्रॅच्युइटी धरून 46.02. त्याच दिवशी दोघांचे पॅकेज पडते 165.20 डॉलरला. फरक रोजचा 119.18 डॉलर, आणि चार रात्रींचा जवळजवळ 477 डॉलर. ज्या दिवशी हिशेब कराल त्या दिवशीच्या डॉलरच्या भावाने याला गुणा, म्हणजे कशावर पाणी सोडतो आहोत, हे रुपयांत दिसेल.

हाच हिशेब उलट बाजूनेही करावा. याच भावांत एकट्या माणसाचे पॅकेज फिटायला रोज पाच कॉकटेल लागतात, किंवा आठाहून जास्त बिअर. खोलीत दुसरी व्यक्ती न पिणारी असेल, तर पिणाऱ्याला रोज दहा कॉकटेल घ्यावी लागतील, आणि तेही सलग चार दिवस. अमेरिकेतील मापाप्रमाणे एका स्टँडर्ड ड्रिंकमध्ये सुमारे 44 मिलिलिटर स्पिरिट असते, म्हणजे आपल्या 30 मिलिलिटरच्या हिशेबाने जवळपास दीड पेग. पाच कॉकटेल म्हणजे सात पेगांहून जास्त मद्य झाले. घरी महिन्यातून दोनदा बसणारा माणूस हे रोज करणार आहे का, याचे उत्तर त्याच्या पत्नीला विचारावे. ते अधिक खरे मिळेल.

पॅकेजचा सर्वांत वाईट परिणाम खिशापेक्षा अंगावर होतो. पैसे आधीच भरलेले असले की ‘वसूल करायचे’ ही भावना दुपारपासूनच डोके वर काढते, आणि एरवी दोनवर थांबणारा माणूस चौथा ग्लास मागवतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही. रक्तदाब किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी याविषयी मोकळेपणाने बोलून घ्यावे. बोट लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या प्रोमेथाझिनसारख्या गोळ्यांनी गुंगी येते आणि मद्याने ती वाढते. म्हणजे ज्या दिवशी गोळी घ्यावी लागेल, त्या दिवशीचे पॅकेज वायाच गेले असे समजावे.

वाया जाणारे दिवस आणखीही आहेत. पॅकेज सहसा सफरीच्या सर्व रात्रींसाठी घ्यावे लागते आणि चढण्याचा दिवसही पूर्ण धरला जातो. रात्रभराच्या रेल्वेप्रवासानंतर, किंवा कोल्हापूर-मुंबई-सिंगापूर अशी विमाने बदलून दुपारी जहाजावर चढलेला माणूस त्या दिवशी जेवून झोपण्याच्याच मनःस्थितीत असतो. सिंगापूरहून पेनांग आणि फुकेतला जाऊन येणाऱ्या चार रात्रींच्या सफरीत तर दोन दिवसांचा मोठा भाग जमिनीवर जातो. महिन्याची खानावळ लावून निम्मे दिवस परगावी राहावे, तसे हे होते. लक्षद्वीपच्या बाबतीत हेही ध्यानात ठेवावे की, बंगाराम बेट वगळता तेथे दारूबंदी आहे. बेटावर फिरण्याच्या वेळेत पॅकेजचा काही उपयोग नाही आणि जहाजावरचे मद्य सोबत उतरवण्याचा विचारही करू नये. शिवाय आपल्याकडे शुक्रवार अंबाबाईचा आणि रविवार जोतिबाचा म्हणून अनेक घरांत पाळला जातो. गुरुवारी निघून सोमवारी परतणाऱ्या सफरीत हे दोन्ही वार येतात. घरात वार पाळत असाल, तर चारांपैकी दोन दिवस आधीच वजा करा. कंपनी त्या दिवसांचे पैसे वजा करणार नाही.

मग पॅकेज कोणाला परवडते? ज्या खोलीतले दोघेही नियमित घेणारे आहेत, सफरीत बंदरे कमी आणि समुद्रातले दिवस जास्त आहेत, आणि सकाळची खास कॉफी, दुपारचा ताजा रस, बाटलीबंद पाणी, संध्याकाळची दोन-तीन पेये अशी यादी दोघांचीही भरते, त्यांना ते खरोखर फायद्याचे ठरू शकते. रॉयल कॅरिबियनच्या डिलक्स पॅकेजमध्ये मद्याबरोबर खास कॉफी, रस, मॉकटेल आणि पाणीही येते, त्यामुळे हिशेबात ही पेये धरलीच पाहिजेत. केवळ बिअर मोजून पॅकेजला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. मात्र घेण्यापूर्वी मर्यादा वाचाव्यात. अनेक पॅकेजांत एका पेयाच्या किमतीची कमाल मर्यादा ठरलेली असते, आणि त्याहून महाग पेय घेतल्यास वरचे पैसे द्यावे लागतात. कार्निव्हलमध्ये चोवीस तासांत 15 मद्ययुक्त पेयांची मर्यादा आहे. खोलीतला मिनीबार बहुतेक ठिकाणी पॅकेजबाहेर असतो.

दोन भाऊ आणि दोन जावा अशी सहल असेल आणि भाऊच तेवढे पिणारे असतील, तर भाऊ एका खोलीत व जावा दुसऱ्या खोलीत अशी व्यवस्था बुकिंगच्या वेळीच करता येते. पॅकेजची अट त्या खोलीपुरती असल्याने दोघांचेच पैसे लागतील. नंतर नावे इकडची तिकडे करणे त्रासाचे असते, म्हणून राजारामपुरीतल्या किंवा शाहूपुरीतल्या आपल्या एजंटला हे पहिल्याच भेटीत सांगावे. खोलीतील एखादी व्यक्ती गरोदरपणामुळे किंवा आजारपणामुळे मद्य घेऊ शकत नसेल, तर तिला बिनमद्याचे स्वस्त पॅकेज घेऊन या अटीतून सूट मिळेल का, हे कंपनीला लेखी विचारावे. एजंटचे ‘होऊन जाईल’ हे आश्वासन जहाजावरच्या काउंटरवर कामाला येत नाही.

मुलांच्या कोल्ड्रिंक पॅकेजविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ते फिटायला मुलाने रोज चार-पाच ग्लास कोल्ड्रिंक प्यावे लागते, आणि कोणत्याही आई-वडिलांना ते नको असते. एखादा सुटा ग्लास विकत घेऊन द्यावा.

घ्यायचे ठरलेच, तर ते घरूनच घ्यावे. जहाजावर चढताच पॅकेज विकणारी टेबले मांडलेली असतात आणि हातात पहिला ग्लास येण्याआधी निर्णय घेण्याची घाई केली जाते. तिथला भाव सहसा आधीच्या ऑनलाइन भावापेक्षा जास्त असतो. रॉयल कॅरिबियनच्या संकेतस्थळावर सफरीआधी भाव वर-खाली होत राहतात, आणि घेतलेले पॅकेज रद्द करून कमी झालेल्या भावाने पुन्हा घेता येते, म्हणून मधूनमधून पाहत राहावे. ग्रॅच्युइटी दाखवलेल्या भावात आहे की वर लागणार आहे, हे पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. भारतीय क्रेडिट कार्डाने डॉलरमध्ये पैसे भरताना बहुतेक बँका साधारण दोन ते साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनासाठीचा जादा आकार, लावतात आणि त्या मार्कअपवर जीएसटी आकारतात. तोही हिशेबात घ्यावा. मुंबईहून सुटणाऱ्या सफरीचे भाव रुपयांत असतात, तिथे कर धरलेला आहे का, एवढे विचारावे.

काही कंपन्या तिकीट, पेये, वाय-फाय आणि कर्मचाऱ्यांची बक्षिशी यांची एकत्र मोट बांधून देतात. प्रिन्सेस या क्रूझ कंपनीचे ‘प्लस’ हे त्याचे उदाहरण. अशा वेळी साध्या भाड्याशी असलेला फरक काढावा, त्यातून वाय-फाय आणि बक्षिशी हे आपण एरवीही देणार असलेले पैसे वजा करावेत, आणि जी रक्कम उरेल तीच पेयांची किंमत धरून वरचा हिशेब करावा. इथे कधी कधी पॅकेज स्वस्त पडते.

पॅकेज न घेणाऱ्यांसाठी एक सवलत उपयोगाची आहे : रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल चढताना प्रत्येक प्रौढाला 750 मिलिलिटरची वाइनची एक बाटली नेऊ देतात. बिअर आणि व्हिस्की-रमला मात्र परवानगी नाही, आणि बॅगेत लपवून नेलेली बाटली तपासणीत काढून घेतली जाते.

सुटी पेये घेताना बारमध्ये सहीसाठी येणारी पावती वाचावी. तिच्यावर पेयाचा भाव असतो, त्याखाली ग्रॅच्युइटी सहसा आधीच मिळवलेली असते, आणि त्याच्याही खाली जादा बक्षिशीसाठी एक रिकामी ओळ सोडलेली असते. हॉटेलच्या सवयीने आपली माणसे त्या ओळीवर दोन-तीन डॉलर लिहून मोकळी होतात आणि बक्षिशी दोनदा जाते. ती ओळ रिकामी ठेवून फक्त बेरजेवर सही केली तरी चालते, त्यात कमीपणा काही नाही. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत; सगळे खर्च कार्डामार्फत खात्यावर चढतात, म्हणून रोज रात्री ॲपवर किंवा गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर खाते पाहावे. चुकीची नोंद आढळली, तर ती त्याच रात्री दाखवावी, कारण उतरण्याच्या सकाळी त्या काउंटरपुढे मोठी रांग असते आणि परतीची गाडी किंवा विमान कोणासाठी थांबत नाही.