शेवग्याचा पाला: निवडायची सोपी युक्ती

शेवग्याचा पाला घरी आणला की निवडायचा कंटाळा येतो आणि जुडी तशीच सुकते. त्यावर उपाय सोपा आहे. डहाळ्या न धुता कोरड्या सुती फडक्यात घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी झटकल्या की बहुतेक पानं आपोआप गळतात. राहिलेले जाड देठ मात्र काढाच, ते शिजत नाहीत आणि घशाला टोचतात.

पाला धुऊन मगच चिरा. चिरून धुतला तर क जीवनसत्त्व पाण्याबरोबर वाहून जातं. 4 मुठी पाल्याला 2 चमचे मूगडाळ अर्धा तास भिजवा. तेलावर कांदा, हिरवी मिरची परता, डाळ घालून अर्धवट शिजवा, मग पाला घाला. 7-8 मिनिटं पुरतात. शेवटी मूठभर ओलं खोबरं. तेलात कंजुषी नको, कारण पाल्यातलं बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) स्निग्ध पदार्थाबरोबरच अंगी लागतं.

गॅस बंद केल्यावर लिंबू पिळा, त्याने पाल्यातलं लोह चांगलं शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा मात्र टाळा, तो हेच काम बिघडवतो.

सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला ही भाजी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर असते. माझ्या मते याहून चांगलं ताट नाही!

घरात कुणी वॉरफेरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिली जाणारी गोळी) घेत असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नका, आधी डॉक्टरांना विचारा. तिच्यातल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम कमी होतो.