वंशावळ भावकीत वाटण्याआधी: मराठवाड्यातल्या कुळांसाठी

नुसता नावांचा तक्ता भावकीच्या ग्रुपवर टाकला की महिनाभरात त्याच्या चार आवृत्त्या फिरू लागतात आणि मूळ कुठली ते कुणालाच कळत नाही. म्हणून प्रत्येक नावासोबत ते कुठल्या कागदावरून घेतलं हे लिहायलाच हवं. मराठवाड्यात याची गरज जास्त. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वीचे कागद निजाम राजवटीतले, बरेचसे उर्दू किंवा मोडीतले, तारखा फसली सनातल्या, म्हणजे महसुली कामकाजाच्या वर्षगणनेतल्या. घरातले बहुतेक जण ते स्वतः वाचू शकत नाहीत, त्यामुळे तुम्ही लिहाल तेच खरं धरलं जातं.

प्रत्येक नोंदीखाली पाच गोष्टी लिहा: कागदाचा प्रकार, गाव आणि त्या वेळचा तालुका-जिल्हा, मूळ सन जसाच्या तसा, पान किंवा सर्व्हे नंबर, आणि नक्कल कुठून मिळाली. ‘तहसीलमधून’ एवढ्याने भागत नाही. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, फेरफार, १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, गाव नमुना १४ (गावची जन्म-मृत्यू नोंद), शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, इनामदार घराण्यांचे मुंतखब (इनामाच्या हक्काचे सरकारी कागद), यांपैकी नेमकं काय ते लिहा. त्या वेळचा जिल्हा लिहिण्याचं कारण साधं आहे: जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये वेगळा झाला. जुना कागद आजच्या जिल्ह्याच्या नावाने शोधला तर हाती लागत नाही. अंबाजोगाईची नोंद मोमिनाबाद नावाखाली असते, हेही ध्यानात ठेवा.

सर्वांत जास्त घोळ सनाचा होतो. हैदराबाद संस्थानचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्याने सुरू होई. आजूर, दै आणि बहमन या पहिल्या तीन महिन्यांसाठी फसली सनात ५९० मिळवा, पुढच्या महिन्यांसाठी ५९१. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. बहमन संपता संपता जानेवारी लागतो, तेवढी टोकाची तारीख जपून पाहा. खरी फसगत होते ती हिजरी सनाने. हिजरी १३५७ म्हणजे १९३८-३९. दोन्ही आकडे दिसायला एकच, पण अंतर नऊ-दहा वर्षांचं. तेवढ्यात बापाचा मुलगा आणि मुलाचा बाप होऊन बसतो. महिना रज्जब किंवा शाबान असेल तर सन हिजरी. तीर किंवा शहरीवर असेल तर फसली. महिना नसेल आणि शंका उरली तर इंग्रजी सन लिहूच नका, मूळ आकडा तेवढा ठेवा.

लिपीचंही तसंच. उर्दूत ळ आणि ण नाहीत, म्हणून काळे हे काले होतं आणि चव्हाण हे चव्हान. घाईच्या शिकस्त अक्षरात नुक्ते, म्हणजे अक्षरांवरचे-खालचे ठिपके, गळतात. मग ब, प आणि त यांत फरकच उरत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं आणि शब्द सलग जोडलेले असतात. वाचून घेतलेलं नाव जसं वाचलं तसं एका रकान्यात, घरात रूढ असलेलं नाव शेजारच्या रकान्यात. वाचणारे दोन वेगळे जाणकार असावेत आणि दुसऱ्याला पहिल्याचं वाचन आधी दाखवू नये, नाहीतर तो तेच वाचतो.

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. त्यामुळे एकाच गावात तीन पिढ्यांत दोन ‘मारुती वल्द गणपती’ (गणपतीचा मुलगा मारुती) सहज सापडतात. नावावरून जुळवू नका. सर्व्हे नंबर आणि भावांची नावं जुळतात का ते बघा. पाटील, देशमुख, कुलकर्णी ही वतनाची नावं कधी आडनावाच्या जागी असतात, कधी नसतात. आणि मुलींच्या शाखा सोडू नका. माहेरचं नाव, सासरचं गाव लिहा. लेकीबाळी गाळलेली वंशावळ अर्धीच असते, हे आमचं ठाम मत.

तीर्थक्षेत्री उपाध्यायांच्या वह्या, सीमाभागात हेळव्यांच्या (पिढीजात वंशावळी सांगणाऱ्यांच्या) पोथ्या, वडीलधाऱ्यांची तोंडी माहिती, हे सगळं मोलाचं आहे. पण त्यापुढे ‘तोंडी’ किंवा ‘वही’ असा शेरा हवा. तीन खुणा पुरतात: कागदाने सिद्ध, एकाच आधाराची, ऐकीव. २०२३ पासून मराठा-कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामामुळे जुन्या नोंदींचा शोध वाढला आहे आणि जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते. तुमचा ऐकीव दुवा कुणी तसाच शपथपत्रात उतरवला तर अडचणीत तो येतो. हा इशारा तक्त्याच्या पहिल्याच पानावर ठळक छापा.

प्रत्येक माणसाला एक कायम क्रमांक द्या. पिढीनुसार १.२.३ असे आकडे देऊ नका, कारण वरची एक पिढी सापडली की सगळे बदलतात. कागद ३०० डीपीआयला स्कॅन करा, फिकट शाई असेल तर ६००; फाईलच्या नावात तोच क्रमांक घाला. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा टाकला तर तो दाबला जाऊन उर्दूचे नुक्ते पुसट होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ग्रॅम्ससारख्या वंशावळीच्या फुकट सॉफ्टवेअरमधून जेडकॉम (GEDCOM, वंशावळीच्या माहितीचा सर्वमान्य साचा) फाईल काढली तर ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडते. ती यूटीएफ-८ मध्ये (देवनागरी नीट साठवणाऱ्या अक्षर-संकेतात) आहे ना ते तपासा, नाहीतर देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. वडीलधाऱ्यांसाठी ए-३ कागदावर मोठ्या अक्षरात छापा.

हयात माणसांची जन्मतारीख, आधार, फोन, आजचे गट नंबर यांतलं काहीही वाटायच्या प्रतीत नको. तिथे फक्त ‘हयात’ लिहा. दत्तक, दुसरं लग्न अशा गोष्टी त्या शाखेला विचारल्याशिवाय छापू नका. शासकीय नक्कल कुणालाही देऊ नका, तिची प्रत द्या.

प्रत्येक पानावर आवृत्तीची तारीख टाका आणि दुरुस्त्या एकाच माणसाकडे येऊ द्या. दुरुस्ती कळवणाऱ्याने कागदाची प्रत जोडायला हवी. जुनं नाव खोडून टाकू नका. त्याच्याखाली ‘आधी असं वाचलं होतं’ म्हणून राहू द्या, म्हणजे पूर्वीची आवृत्ती हातात असलेल्या माणसाला फरक कुठे पडला ते कळतं.