सापाला पाय

चिनी शिकायला लागून दुसरं वर्ष होतं. निबंधात छंग-यू, म्हणजे बहुतेक वेळा चार अक्षरांत बसणारे जुने वाक्प्रचार, पेरले की गुण वाढतात असं सिनियर्सनी सांगितलेलं. मी दीड पानात सहा पेरले. निबंध परत आला तेव्हा शेवटच्या परिच्छेदाखाली मॅडमनी लाल पेनानं चारच अक्षरं लिहिली होती : ह्वा षऽ थ्येन त्सू. काढणे, साप, जोडणे, पाय.

सुटे शब्द मला येत होते, पण टोमणा कळला तो गोष्ट वाचल्यावर. ती ‘चान-कुओ-त्स’ या प्राचीन चिनी संग्रहात आहे. छू राज्याचा सेनापती चाओ यांग वेई राज्याची आठ शहरं जिंकून छी राज्यावर निघाला, तेव्हा छी राजाच्या वतीनं छन चन त्याला भेटला आणि ही गोष्ट सांगितली. पूजेनंतर नोकरांना एक प्याला मद्य मिळालं. सगळ्यांत वाटलं तर तोंड ओलं होईना, एकट्याला मात्र भरपूर. ठरलं, जमिनीवर साप काढायचा, ज्याचा आधी होईल त्यानं प्यायचं. एकाचा झाला. डाव्या हातात प्याला धरून तो उजव्या हातानं सापाला पाय काढत बसला. तेवढ्यात दुसऱ्यानं साप संपवून प्याला हिसकावला : सापाला पाय कुठले?

तू आधीच सर्वोच्च पदावर आहेस, आणखी जिंकून वरचं पद मिळणार नाही, उलट जीव जाईल, असं छन चनला सुचवायचं होतं. चाओ यांगनं सैन्य मागे घेतलं.

मी वहीत भाषांतर लिहिलं होतं, ‘अति तेथे माती’. ते जरा चुकतं. इथे काम नीट झालेलं असतं, बिघडतं ते झाल्यावरच्या नसत्या उठाठेवीनं. म्हणून छंग-यू पाठ करताना अर्थाशेजारी मराठी म्हण लिहून मोकळे होऊ नका. गोष्ट वाचा, मग तीन-चार वाक्यांत तो छंग-यू कसा येतो ते बघा. हा नेहमी दोष दाखवायलाच येतो, कौतुकाला नाही. ‘त्सू’चंही तसंच : आज बोलताना पायाला ‘च्याओ’ म्हणतात, ‘त्सू’ उरलाय तो फुटबॉलच्या चिनी नावासारख्या जोडशब्दांत. उच्चाराला मात्र आपल्याला फार कष्ट नाहीत. ‘चूल’मधला चू म्हणा, फक्त सूर चढता ठेवा.

निबंध पुन्हा लिहिला तेव्हा दोनच छंग-यू ठेवले. मॅडमनी त्यातला एक खोडला.